लसीचं कार्ड काढा आणि पोराकडे बघा: मुलांची भावनिक-सामाजिक वाढ घरी कशी तपासायची

पोराचं वजन किती, दात आले का, चालायला लागलं का, हे आपल्याकडे बरोबर बघितलं जातं, शेजारच्या काकूसुद्धा विचारतात. पण पोर माणसांशी कसं वागतं, कुणाकडे बघून हसतं, लागलं तर कुणाकडे धावतं, काही नवीन दिसलं तर आपल्याला दाखवतं का, हे कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर "लाजाळू आहे हो" नाहीतर "बापावर गेलाय, तोही उशिराच बोलला" इथे विषय संपतो. मी बरीच वर्षं बालवाडीत शिकवते. साडेतीन-चार वर्षांचं मूल आमच्याकडे येतं तेव्हा बऱ्याचदा लक्षात येतं की खुणा दीड वर्षापासूनच होत्या, घरच्यांना दिसतही होत्या, पण त्यांचं करायचं काय हे माहीत नव्हतं.

त्यासाठी मी आयांना एक साधी सवय सांगते. लसीचं कार्ड प्रत्येक घरात असतंच आणि त्यावर तारखा असतातच, दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने, मग सोळा ते चोवीस महिन्यांच्या मधला डोस, आणि पाच वर्षांचा बूस्टर. त्या त्या तारखेच्या आसपास दहा मिनिटं पोराकडे नीट बघायचं आणि दोन ओळी लिहून ठेवायच्या. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर तर मूल कधी काय करतं याची चित्रंही असतात, ती पानं कुणी उघडत नाही ही गोष्ट वेगळी.

आधी थोडी तयारी. एक वही घ्या, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज करून ठेवा. मूल जेवलेलं, झोप झालेलं, बरं असताना बघा, ताप असताना किंवा पाहुण्यांच्या गर्दीत बघून काही कळत नाही. अर्ध्या-एक मिनिटाचे व्हिडिओ काढून ठेवा, आणि ते नाच करतानाचे गोड गोड नकोत, रोजचे हवेत, जेवताना, खेळताना, हाक मारल्यावर. डॉक्टरांच्या खोलीत मूल एकतर रडतं नाहीतर गप्प बसतं, तिथे तुमचा मोबाईलच कामाला येतो. आणि मूल वेळेआधी जन्मलं असेल तर वय मोजताना तेवढे आठवडे वजा करायचे, दोन वर्षांचं होईपर्यंत असंच धरतात. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ आज सहा महिन्यांचं असेल तर त्याच्याकडून अपेक्षा चार महिन्यांच्या बाळाच्या.

दीड ते साडेतीन महिने

इथे बघायचं ते हसू. झोपेत येतं ते नाही, "सटवाई हसवते" म्हणतो ते वेगळं. तुमचा चेहरा बघून, तुम्ही बोललात म्हणून जे हसू येतं ते. साधारण सहा ते आठ आठवड्यांत येतं, तीन महिने झाले तरी आलं नाही तर लसीच्या वेळी डॉक्टरांना सांगायचंच. चेहऱ्याकडे टक लावून बघणं, चेहरा हलला की नजर मागे जाणं, "आऽगूऽ" केलं की तिकडून काहीतरी आवाज येणं, एवढं झालं की या वयात बास.

याच वेळी बाळाइतकंच आईकडेही बघा. बाळंतपणानंतर आई सारखी रडते, झोप लागत नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, आणि हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललंय, तर ते "नाजूक मन" वगैरे नाही, तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला होता, आई आधी बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून बघतं, हात करतं, ओरडतं, मग तोंड फिरवतं आणि रडतं. म्हणजे इतकुसं बाळसुद्धा उत्तराची वाट बघत असतं. यावरून लगेच आईला "बघ तू मोबाईल बघतेस म्हणून" असं सुनवायला जाऊ नका, त्या प्रयोगात आई पुन्हा बोलायला लागली की बाळही हळूहळू परत खेळायला लागतं. अधूनमधून लक्ष नसणं चालतं. महिनोन् महिने उत्तरच येत नसेल तर प्रश्न, आणि तेव्हा आईला मदत पाहिजे, बोलणी नकोत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

नऊ महिने ते एक वर्ष

आता घरात भांडणं सुरू होतात, कारण बाळ आत्याकडे जात नाही. आत्या मुंबईहून आली, हौसेने हात पुढे केले आणि बाळाने भोकाड पसरलं, मग "आईने सवयच लावली नाही माणसांची". अहो हे चांगलं लक्षण आहे! आठ-नऊ महिन्यांत बाळाला आपलं कोण आणि परकं कोण हे कळायला लागतं म्हणून ते रडतं, आणि आई नजरेआड झाली की रडणं हेही त्यातलंच, ते दीड वर्षापर्यंत बरंच असतं आणि मग ओसरतं. आत्याने पाच मिनिटं लांब बसून आईशी गप्पा माराव्यात, बाळच सरकत सरकत येईल. एकत्र कुटुंबात, दहा हातांत वाढलेलं बाळ परक्यांना कमी घाबरतं, तेही ठीक. लिहून ठेवायचं ते वेगळंच, आई काय आणि रस्त्यावरचा माणूस काय, बाळाला काही फरकच पडत नाही, लागलं-पडलं तरी कुणाकडे बघत नाही, असं सतत दिसलं तर.

दुसरं, नावाची हाक. हे बघायची एक रीत आहे. बाळ शांतपणे काहीतरी हातात घेऊन बसलंय, टीव्ही बंद आहे, तुम्ही त्याला दिसणार नाही असे मागे किंवा बाजूला उभे राहा आणि नेहमीच्या आवाजात नाव घ्या, टाळ्या नाही, चुटक्या नाही. थांबा. पुन्हा घ्या. दोन-तीन हाकांत एकदा तरी वळलं पाहिजे. नवव्या महिन्यात हे सुरू होतं आणि वर्ष होईपर्यंत बऱ्यापैकी पक्कं होतं. नाही वळलं तर दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी परत बघा, एका दिवसावरून काही ठरवू नका.

आता इथे लोक हमखास सांगतात, "ऐकू येतं हो त्याला, बिस्किटाचा पुडा वाजला की धावत येतो." पुड्याला येणं म्हणजे कान पूर्ण ठीक असं होत नाही, काही आवाज ऐकू येतात आणि काही नाही असंही असतं. म्हणून नावाला प्रतिसाद नसेल तर पहिलं काम कानाची तपासणी, ओएई किंवा बेरा, बाळ झोपलेलं असताना होते, दुखत नाही. ही तपासणी न करता कुणी तुम्हाला थेट ऑटिझम (म्हणजे माणसांशी संवाद साधण्याची वाढच वेगळ्या तऱ्हेने होणं) सांगत असेल किंवा थेट "काही नाही हो" सांगत असेल तर दोघांचंही ऐकू नका.

वर्षाच्या आसपास टाटा करणं, तोंडावरून पदर काढत "भोऽक" केलं की खिदळणं आणि पुन्हा कर म्हणून बघणं, हात वर करून "घे" म्हणणं, हे सगळं येतं. बारा महिने होऊनही एकही खूण नाही, बाबाबा-दादादा असली बडबडही नाही, तर वाट बघण्यात अर्थ नाही.

दीड-दोन वर्षं, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

पूर्ण लेख वाचायला वेळ नसेल तर एवढंच वाचा. चिऊ-काऊचा घास भरवताना आपण काय करतो? "ती बघ चिऊ" म्हणून बोट दाखवतो. आता बघा, मूल तुमच्या बोटाकडे बघतं, का बोट जिकडे आहे तिकडे? चिमणी दिसल्यावर परत तुमच्याकडे बघतं का, म्हणजे "दिसली गं" असं डोळ्यांनी सांगतं का? आणि उलट, त्याला कुत्रा दिसला, विमान दिसलं, तर ते स्वतः बोट करून तुम्हाला दाखवतं का?

बोट करायचे दोन प्रकार असतात आणि हा फरक फार कामाचा आहे. एक मागण्यासाठी, फळीवरचा डबा पाहिजे म्हणून. दुसरा नुसताच दाखवण्यासाठी, काही नकोय, फक्त तुम्हीपण बघा. पहिला वर्षाच्या आसपास येतो, दुसरा थोडा मागून येतो, पण दीड वर्षापर्यंत दोन्ही दिसले पाहिजेत. काही मुलं बोट करतच नाहीत, आईचा हात मनगटाला धरून डब्यापर्यंत नेतात, तोंडाकडे बघतही नाहीत, काम झालं की निघून जातात. आजीला ते हुशारीचं वाटतं. हुशारी असेलही, पण वहीत लिहा.

मग लुटुपुटूचा खेळ. रिमोट कानाला लावून "हॅलो", बाहुलीला भरवणं, रिकाम्या कपातून चहा पिऊन "हाऽ" करणं, दीड ते दोन वर्षांत हे सुरू होतं. गाडी चालवण्याऐवजी तासन् तास तिचं एकच चाक फिरवत बसणं, किंवा सगळ्या गाड्या ओळीत लावणं आणि एक हलवली की आकांत, हे कधीमधी सगळीच मुलं करतात, दुसरा कुठला खेळच नसेल तर मात्र लिहा.

बोलण्याचं म्हणाल तर सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत "आई ये", "दूध दे" अशी दोन शब्दांची स्वतःची जोडणी नाही, तर दाखवायचं. स्वतःची म्हणजे पाठ केलेली जाहिरात किंवा एबीसीडी धरायची नाही. दोन वर्षांचा मुलगा शंभरपर्यंत आकडे म्हणतो आणि पाणी मागायला येत नाही, तरी घरचे खूश, असं मी पाहिलंय आणि अशा वेळी सांगताना जीभ अडखळते खरी. घरात दोन भाषा आहेत, आई मराठी आणि बाबा कन्नड, म्हणून मूल गोंधळलं असं मात्र नसतं, दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजा. कुणी एक भाषा बंद करा म्हणालं तर कारण विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूल आधी जे करत होतं ते बंद झालंय का. टाटा करायचं, आता करत नाही. चार शब्द होते, गेले. नजर द्यायचं, आता टाळतं. आलेली गोष्ट जाणं हे कुठल्याही वयात लगेच डॉक्टरकडे नेण्याचं कारण आहे, त्यात "बघू महिनाभर" नाही.

या वयासाठी एम-चॅट-आर नावाची वीस प्रश्नांची यादी असते, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, आईबाबांनी हो-नाही उत्तरं द्यायची. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना तर १८ आणि २४ महिन्यांना प्रत्येकच मुलाची ऑटिझमसाठी चाचणी करा म्हणते, मूल ठीक दिसत असलं तरी. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "एम-चॅट करून घ्याल का?" यादीत जास्त खुणा आल्या म्हणजे निदान झालं असं नाही, पुढची तपासणी करा एवढाच त्याचा अर्थ.

लसीच्या तारखेला बघा म्हणाले म्हणून एक गोष्ट इथेच सांगून टाकते. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि ऑटिझमच्या खुणा ठळक दिसायचं वय एकच आहे, त्यामुळे "लस दिली आणि बोलणं बंद झालं" असं वाटू शकतं. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या अँड्र्यू वेकफिल्डने तसा पेपर लिहिला होता, बारा मुलांवरचा, तो २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने मागे घेतला आणि त्याचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशनही गेलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास २०१९ मध्ये आला, काही संबंध सापडला नाही. लस चुकवू नका.

दोन ते तीन, म्हणजे तांडवाचं वय

"मी! मी घालनाऽर!" आणि चप्पल उलट्या पायात. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या वाढीचे टप्पे मांडलेत, त्यात या वयाचं काम म्हणजे स्वतःचं स्वतः करणं, आणि सारखं हाणून पाडलं की मुलाला स्वतःचीच लाज आणि शंका वाटायला लागते. त्यामुळे दुकानात लोळण घेणं हे बिघडल्याचं लक्षण नाही. साधं तांडव कसं ओळखायचं? कारण दिसतं (भूक, झोप, नाही म्हटलं), काही मिनिटांत उतरतं, मधेच डोळे किलकिले करून आपण बघतोय का हे तपासलं जातं, नंतर कुशीत यायचं असतं, आणि दिवसाचा बाकीचा वेळ मूल मजेत असतं. लिहून ठेवायचं ते असं, रोज कित्येक वेळा, बऱ्याचदा अर्धा अर्धा तास, डोकं भिंतीवर आपटणं किंवा स्वतःला चावणं, कुणी जवळ घेतलं तरी शांत न होणं. काही मुलांचं तांडव मिक्सर, कुकरची शिट्टी, लग्नाचा हॉल, नवीन शर्टाचं लेबल यावरून होतं. ढोल-ताशाला कान झाकणारी मुलं पुष्कळ, त्याचं काही नाही, पण रोजच्या घरातल्या आवाजांनी दिवसच मोडत असेल तर डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे.

त्या वेळी करायचं काय, तर कमी बोलायचं. लागणार नाही असं बघायचं, शेजारी बसायचं, आणि ज्यावरून रडणं सुरू झालं ते रडण्यामुळे द्यायचं नाही. बागुलबुवा, पोलीस, डॉक्टर सुई टोचेल, हे नको. खास करून डॉक्टर तर नकोच, पुढे तुम्हालाच जायचंय तिकडे.

या वयाची दुसरी तक्रार, "कुणाशी खेळत नाही हो, बाजूला बसून आपलं आपलं खेळते." दोन वर्षांची मुलं अशीच खेळतात, शेजारी शेजारी, एकमेकांकडे चोरून बघत. मिल्ड्रेड पार्टन या संशोधिकेने १९३२ मध्येच हे लिहून ठेवलंय, मिळून खेळणं त्यानंतर हळूहळू येतं. खेळणं वाटून घेत नाही म्हणून दोन वर्षांच्या मुलाला "स्वार्थी" म्हणणं मला तर पटतच नाही. बघायचं एवढंच की दुसऱ्या मुलांकडे बघावंसं तरी वाटतं का, त्यांची नक्कल करते का.

बालवाडी

पहिले दोन-तीन आठवडे रडणं गृहीत धरा. सोडताना चोरून पळून जाऊ नका, सांगून जा, "डबा खाल्ला की मी येते", आणि मग खरंच या. काही मुलं जात्याच सावकाश रुळतात. न्यूयॉर्कमध्ये थॉमस आणि चेस या डॉक्टर नवरा-बायकोने १९५६ पासून मुलांचे स्वभाव वर्षानुवर्षं पाहिले, त्यात साधारण ४० टक्के सोपी, १० टक्के अवघड आणि १५ टक्के अशी सावकाश रुळणारी निघाली, बाकीची कुठल्याच खान्यात बसली नाहीत. सावकाश रुळणारं मूल रुळतं, हाच फरक. पहिल्या आठवड्यात दाराशी, तिसऱ्यात सतरंजीच्या कडेला, दुसऱ्या महिन्यात मधोमध. अशी सरक दिसत असेल तर त्याला त्याच्या चालीने येऊ द्या.

घरी पोपटासारखं बोलणारं मूल शाळेत एक अक्षर बोलत नाही, आणि पहिला महिना सोडून पुढेही महिना-महिना तसंच चाललंय, तर याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. तो हट्ट नाही, ती भीती आहे, आणि उपचाराने सुधारते. या मुलाला "नाव सांग काकांना", "बोललीस तर चॉकलेट" हे दोन्ही नको. आधी मान हलवून, मग कानात, मग एका मैत्रिणीशी, असं जायचं असतं. पण घरी वेगळी भाषा असेल, म्हणजे घरी भोजपुरी किंवा गोरमाटी आणि बालवाडी मराठी, तर काही महिने गप्प राहणं साहजिक आहे, ते मूल ऐकून साठवत असतं.

चौथ्या वर्षात भातुकली रंगते आणि खोटं बोलणंही सुरू होतं. पहिलं खोटं पकडलं की घरात सुतक, पण खोटं बोलायला आधी हे कळावं लागतं की मला माहीत आहे ते आईला माहीत नाही. घरी गंमत करून बघा. आपल्याकडे बिस्किटाच्या डब्यात सुई-दोरा असतोच! मुलाला तो बंद डबा दाखवा, "काय असेल?" "बिस्कीट!" उघडून दोरा दाखवा, झाकण लावा आणि विचारा, "दादाने अजून उघडला नाहीये, त्याला काय वाटेल आत काय आहे?" तीन वर्षांचं मूल बहुतेक "दोरा" म्हणतं, चार-साडेचारनंतर "बिस्कीट" म्हणायला लागतं. ही परीक्षा नाही, यावरून कुणाला काही झालंय असं ठरवू नका, पण आपलं मूल दुसऱ्याच्या डोक्यात डोकावायला लागलंय का ते दिसतं.

पाच वर्षांचा बूस्टर

गल्लीत जा आणि खेळ बघा. आजवर पोर कच्चा लिंबू होतं, आऊट झालं तरी आऊट नाही. आता त्याला राज्य घ्यावंसं वाटतं का, नियम कळतात का, हरल्यावर रडून का होईना परत खेळायला येतं का, कट्टी झाली तर बट्टीही होते का? एक मित्र असला तरी पुरे, दहा नकोत.

या वयात शाळेतून "एका जागी बसत नाही" अशी चिठ्ठी येते आणि लोक लगेच एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) म्हणून मोकळे होतात. त्याचं निदान असं एका चिठ्ठीवर होत नाही. घरी आणि शाळेत दोन्हीकडे, सहा महिने तरी, आणि त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा खूप जास्त असावं लागतं. वर्गात वयाने सगळ्यात लहान असलेल्या मुलांवर हा शिक्का जास्त बसतो असं अनेक देशांत दिसलंय, त्यामुळे आधी जन्मतारीख बघा. आणि निदान झालंच तर चार-पाच वर्षांच्या मुलांत पहिला उपाय आईबाबांना वागणुकीचं प्रशिक्षण हा असतो, गोळी नंतर.

उलट मुलींचं सुटून जातं. ऑटिझमचं निदान मुलग्यांत तीन-चार पट जास्त होतं, पण त्यात एक भाग हाही आहे की मुलगी गप्प बसते, दुसऱ्यांची नक्कल करून वेळ मारून नेते आणि सगळे म्हणतात किती गुणी. गुणी मुलगी शाळेतून आल्यावर रोज तासभर रडत असेल तर तेही लिहा.

प्रत्येक बदल मुलाच्या आतूनच येतो असं नाही. भावंड झाल्यावर पुन्हा गादी ओली होणं, आजोबा गेल्यावर एकटं न झोपणं, ऊसतोडीला आईबाप गेले आणि मूल आजीकडे राहिलं की चिडचिड, घरात रोजची भांडणं असतील तर मारकुटेपणा, यात आधी काय बदललं ते शोधा. अचानक एखाद्या माणसाची किंवा जागेची जबर भीती, वयाला न शोभणारं लैंगिक वागणं दिसलं तर मुलाला उलटतपासणी न करता ऐकून घ्या आणि १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आता नेऊ कुठे

पहिले तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ. वही आणि तीन-चार व्हिडिओ घेऊन जा, आणि "जरा उशीर वाटतो" असं मोघम न बोलता "अठरा महिने झाले, बोट करत नाही, हाकेला वळत नाही, दोन महिन्यांपूर्वी टाटा करायचा तो बंद झाला" असं सांगा. ते "थांबू" म्हणाले तर विचारा, किती दिवस थांबू आणि तोवर काय दिसलं पाहिजे. उत्तर दोन-तीन महिन्यांच्या पुढचं असेल तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

खिशाला परवडत नसेल तर सरकारी रस्ता आहे आणि तो वाईट नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला, त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, आणि त्यांच्या यादीत वाढीतला उशीर, ऑटिझम, एडीएचडी हेही आहे, नुसतं वजन-उंची नाही. अंगणवाडी ताईंना सांगून ठेवा की पथक आलं की माझं मूल दाखवायचंय. पुढे ते जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, तिथे तपासणी आणि थेरपी मोफत असते. मुंबईत कान आणि बोलण्यासाठी बांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे.

तारीख उशिराची मिळाली तर मधल्या काळात कान तपासून घ्या आणि घरी सुरू करा. निदानाच्या कागदाशिवाय चालू करता येतं. खाली बसायचं, तोंड त्याच्या तोंडासमोर येईल असं. ते ज्याच्याशी खेळतंय त्यातच शिरायचं, आपला खेळ लादायचा नाही. एकच शब्द बोलायचा, "गाडी", आणि मग गप्प राहून दहापर्यंत मनात मोजायचं, आपल्याला ते गप्प राहणं फार जड जातं पण मुलाला उत्तर द्यायला तेवढा वेळ लागतो. त्याने नुसतं बघितलं तरी ते उत्तर धरायचं. दिवसातून तीन-चारदा दहा दहा मिनिटं, अंघोळीला, जेवताना, कपडे घालताना, वेगळा क्लास लावल्यासारखं नाही.

मोबाईल बंद, हे तर सगळेच सांगतात. भारतातली बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांखालच्या मुलांना नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल सोडून काहीच नको म्हणते, आणि दोन ते पाचपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. बंद कराच. पण सध्या "व्हर्च्युअल ऑटिझम" नावाचं जे चाललंय, म्हणजे मोबाईल काढला की सहा महिन्यांत सगळं ठीक, त्यावर भरवसा ठेवून तपासणी पुढे ढकलू नका. स्क्रीन बंद आणि तपासणी, दोन्ही एकाच आठवड्यात. स्टेम सेलवाले, खास पावडरवाले, "शंभर टक्के बरा" वाले दिसले तर पैसे वाचवा, ऑटिझमसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही.

निदान निघालंच तर कागदपत्रांना उशीर करू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझमही आहे आणि अभ्यासातली अक्षमताही, त्यासाठी युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढता येतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टची निरामय योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा, थेरपीचा खर्चही काही प्रमाणात बसतो.

घरच्यांचं काय करायचं हा खरा अवघड भाग. "आई नोकरी करते म्हणून झालं" हे वाक्य येणारच. एके काळी अमेरिकेत मोठमोठे डॉक्टरसुद्धा ऑटिझमला आईचा थंडपणा कारणीभूत धरायचे, ते साफ खोटं ठरलं, पण आपल्या सोसायटीत अजून पोचलेलं दिसत नाही. वाद घालत बसू नका. सासूबाईंना म्हणा, "आई, तुम्हीच सांगा, तो बोट करून दाखवतो का ते आठवडाभर बघाल? तुम्ही दिवसभर जवळ असता." आजी एकदा बघायला लागली की तिच्याइतकं बारीक कुणी बघत नाही, आणि आठव्या दिवशी बहुतेक तीच म्हणते, कधीची अपॉइंटमेंट घेतलीस. दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, मीठ-मोहरीने काही बिघडत नाही, फक्त दवाखान्याची तारीख त्यासाठी हलवायची नाही.